तिला न दिलेला पास

माझ्या मैत्रिणीला स्केटिंग मी शिकवलं. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलं आहे, की मी तोंड उघडायच्या आतच माझा भाऊ ते वाक्य पुरं करतो. कुणी तिचं कौतुक केलं, तिचा फोटो कुठं दिसला, की माझ्या तोंडून ते निघतंच. ते खोटं नाही. पण मी ते ज्या कारणानं सांगते ते कारण चांगलं नाही, आणि इथं मी तेच लिहायला बसले आहे.

मी वाशीमची. चौथीत असताना एका उन्हाळी शिबिरात स्केटिंग शिकले. वडिलांनी मला स्वतःचे स्केट्स घेऊन दिले आणि पाय वाढले तसे बदलूनही दिले. ते संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि मी फेऱ्या मारायचे. अख्ख्या शहरात माझ्याइतकी वेगात चाकांवर पळणारी दुसरी मुलगी नव्हती. चाकांवर पळणाऱ्या मुलीच मुळात सहा-सात होत्या, पण तो विचार मला तेव्हा कधी शिवला नाही.

कॉलेजात गेले त्या वर्षी आमच्या खेळाच्या सरांनी मुलींची रोलर हॉकीची टीम काढली. "कबड्डीले अख्खा जिल्हा उतरते," सर म्हणाले. "या खेळात अजून कोनी नाई. मेहनत करसान तं नाव होईन." बास्केटबॉलचं जुनं सिमेंटचं कोर्ट आम्हाला मिळालं. त्याला भेगा पडलेल्या होत्या. दर रविवारी आम्हीच बादलीत सिमेंट कालवून त्या बुजवायचो आणि सोमवारी कडेनं खेळायचो, ओल्या ठिकाणी पाय जाऊ नये म्हणून. आम्ही नऊ मुली आणि कॉलेजकडे स्केट्सचे जोड सहा. नडगीला क्रिकेटचे पॅड, डोक्यावर क्रिकेटचंच हेल्मेट. गोलात उभी राहणारी मुलगी तर पोटावर उशी बांधायची. मला मात्र माझे स्केट्स होते, माझी काठी होती, आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी मला कॅप्टन केलं.

ती आली दुसऱ्या वर्षी. जऊळक्याची. रोज सकाळच्या पॅसेंजरनं वाशीमला यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. मधले तास लायब्ररीत नाहीतर आमच्या कोर्टाच्या कठड्यावर काढायची. पंधरा दिवस ती नुसती बघत बसलेली मी पाहिली. मग एक दिवस मीच तिच्याकडे गेले. "खेळतेस का?" विचारलं.

"मले येत नाई," ती म्हणाली. "पन शिकवशीन तं शिकतो."

आमच्याकडच्या बायका 'शिकतो' असंच म्हणतात. शहरात वाढल्यामुळे माझी बोली जरा पुसट झाली होती. तिच्यासमोर मला उगाच सुशिक्षित वाटलं आणि बरंही वाटलं.

मी तिला शिकवलं. माझेच जुने स्केट्स तिला दिले, कारण आमचा पाय एकाच मापाचा होता. गुडघे वाकव, वजन पुढं ठेव, पडायचं तर कुशीवर पड, हात टेकवू नकोस. ती खूप पडायची. पडली की उठून मला विचारायची, "आता काहून पडली मी?" रडायची नाही, हसायचीही नाही. तिला कारण हवं असायचं. पहिला महिनाभर मला तिला शिकवायला फार आवडलं. अडखळत शिकणाऱ्या माणसाला शिकवताना आपण किती मोठे होतो, ते मी त्या महिन्यात अनुभवलं.

मग ती पडायची थांबली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली तेव्हा ती उलटी, पाठीकडे स्केटिंग करत होती. सुट्टीभर ती जऊळक्यात धान्य वाळवायच्या ओट्यावर सराव करत होती म्हणे. उलटं स्केटिंग मला दोन वर्षांनी जमलं होतं. सरांनी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, "हिच्याकडे पाहा. खांदे पाहा तिचे, हलून राह्यले का?" आठही जणी पाहायला लागल्या. मी बुटाची लेस बांधायला खाली बसले. लेस सुटलेली नव्हती.

त्या दिवसापासून मी तिच्या चुका मोजायला लागले. तिचा शॉट कमजोर आहे. ती उशिरा येते, म्हणजे गाडी उशिरा येते, पण मी 'ती उशिरा येते' असंच म्हणायचे. घामाचा टी-शर्ट ती कोर्टाच्या जाळीवर वाळत घालते. हे सगळं मी बाकीच्या मुलींना सांगायचे, अगदी सहज, दुसरं काही बोलता बोलता. तिच्याशी मात्र पूर्वीपेक्षा गोड वागायचे. डब्यातली भाजी तिला आधी वाढायचे. हेवा असा गोडीनं वागतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मी मोठ्या मनाची आहे.

डिसेंबरात सरांनी बातमी आणली. चाकांवर हॉकी खेळणाऱ्या मुलींना बर्फावरच्या हॉकीसाठी शिबिरात बोलावलं होतं, हिमाचलात, खूप उंचावर, जिथं हिवाळ्यात मैदानावर पाणी ओतून बर्फ करतात. तिथूनच राज्याच्या संघासाठी निवड होणार होती. आमच्या कॉलेजातून पाच जणींना जाता येणार होतं. तिचं नाव त्यात होतं, पण तिच्या घरून परवानगी नव्हती.

"तू समजावून सांग तिच्या आईले," सर मला म्हणाले. "कॅप्टन हायेस. तुहं आयकतीन."

मी जऊळक्याला गेले. घर स्टेशनपासून जवळच होतं, दोन खोल्यांचं, दारात बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याला ताजा हार. वडील रानात गेले होते. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मला खाली बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "बर्फात कायले जाता व तुमी? इथं खेळता येत नाई का?"

मी समजावलं. सर आहेत, आणखी दोन कॉलेजांच्या मॅडम आहेत, राहायची सोय आहे. ती ऐकत होती, पण तिचा हात शेंगांवरच चालला होता. शेवटी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू संग हायेस ना?"

"हो," मी म्हटलं. "मी आहे. काळजी करू नका. मी तिला सांभाळीन."

परतीच्या गाडीत मला स्वतःचा राग आला होता. तिच्या आईनं नकार दिला असता तर बरं झालं असतं, हा विचार डब्याच्या खिडकीशी मला स्वच्छ, शब्दांसकट सुचला. मी तो घाईनं दूर केला. पण आला होता तो.

वाशीमहून अकोला, अकोल्याहून दिल्ली, पुढे चंदीगड, मग दोन दिवस बस. शेवटच्या दिवशी रस्त्याच्या एका बाजूला नुसती दरी होती आणि खाली बर्फानं कडा गोठलेली नदी. तिनं खिडकीची जागा मला दिली. मला उलट्या होत होत्या म्हणून. पोहोचलो तेव्हा दहा पावलं चाललं की दम लागत होता. दोन दिवस आम्हाला खेळूच दिलं नाही. नुसतं बसा, पाणी प्या, अंगाला हवा मानवू द्या. पाण्याच्या बाटल्या पांघरुणात घेऊन झोपावं लागायचं, नाहीतर सकाळी त्या दगड झालेल्या असत.

तिसऱ्या दिवशी बर्फावर गेलो. चाकांऐवजी बुटाखाली पातं. मी सगळ्यांत आधी उतरले. कॅप्टन होते, आणि मला खात्री होती. चार पावलं गेले, थांबायला गेले आणि पाठीवर पडले. उठले, पुन्हा गेले, पुन्हा पडले. कारण साधं होतं. माझ्या चाकांच्या स्केट्सना टाचेशी ब्रेक होता. दहा वर्षं मी टाच दाबून थांबत आले होते. बर्फावर टाच दाबली की पातं पुढं निसटतं. तिथं आडवं वळून, पात्याच्या धारेनं बर्फ खरवडून थांबावं लागतं. माझ्या पायांना दहा वर्षांची सवय होती आणि ती मोडायला माझ्याकडे सहा दिवस होते.

तिचे स्केट्स माझे जुने होते आणि त्यांचा ब्रेक मी वापरून वापरून झिजवून टाकला होता. त्यामुळे ती पहिल्यापासून आडवी वळूनच थांबायला शिकली होती. आमच्या कोर्टवर मी त्यावरून तिला हसत असे.

ती बर्फावर आली, हळूच एक फेरी मारली, मग दुसरी. तिसऱ्या फेरीत तिनं वेग घेतला, वळली आणि थांबली. बर्फाचा बारीक चुरा फवारा होऊन उडाला. तिथली शिकवणारी बाई त्याच खोऱ्यातली होती, लहानपणापासून बर्फावर खेळलेली. ती फार बोलत नसे. तिनं सरांना विचारलं, "ये लड़की पहले कहाँ खेली है?"

"कहीं नहीं," सर म्हणाले. "हमारे यहाँ तो बर्फ सिर्फ गोले में मिलती है."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या हातमोज्यात बर्फ वितळून पाणी झालं होतं आणि बोटं बधिर झाली होती.

सहा दिवसांत मला थांबता यायला लागलं. बरं खेळायला लागले. वेग माझा होताच, शॉटही चांगला होता. आम्ही जेवायला बसलो की बाकीच्या मुली तिच्याभोवती बसायच्या, वळताना वजन कुठं टाकतेस म्हणून विचारायच्या. ती सांगायची, आणि शेवटी माझ्याकडे बोट करायची. "हिनं शिकवलं मले." ती मनापासून म्हणायची. मला ते भीक घातल्यासारखं वाटायचं.

शेवटच्या दिवशी तिथल्या मुलींशी सामना होता. निवड करणारे कडेला उभे होते. ऊन होतं, आकाश इतकं निळं की डोळे दुखावेत. तिथल्या मुली आमच्यापेक्षा खूप सफाईनं खेळत होत्या, तरी आमच्या दोन गोलांना त्यांचे तीनच होते. आमच्यातला एक गोल तिचा, एक दुसऱ्या कॉलेजच्या मुलीचा. एखादं मिनिट उरलं असेल. पक, म्हणजे ती जाड रबराची चकती, माझ्या काठीशी आली. मी डावीकडून गेले. त्यांची एक मुलगी माझ्या अंगावर आली आणि गोलकीपरही माझ्याच बाजूला सरकली. उजवीकडे अर्धा गोल मोकळा होता. तिथं ती उभी होती, एकटी. तिनं काठी बर्फावर आपटली, तीनदा. पास मागायची आमची तीच खूण होती.

मी ऐकलं. मी पाहिलंसुद्धा. आमची नजर भेटली. पास दिला तर गोल होईल, आणि तो तिचा होईल, आणि उद्या सगळे तो तिचा म्हणून सांगतील, हे मला त्या क्षणात अगदी नीट कळत होतं. घाईत चूक झाली असं मी पुढं अनेकांना सांगितलं. घाई नव्हती. मी मान वळवली आणि स्वतः शॉट मारला. तो गोलकीपरच्या पॅडवर आपटून बाहेर गेला. शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "चांगली धावली," म्हणाले. त्यांना ती बाजू दिसली नव्हती.

खोलीत बुटाच्या लेस सोडताना तिनं मला विचारलं, अगदी शांतपणे, पूर्वी पडल्यावर विचारायची तसंच. "तुले आवाज आयकू नाई आला का व?"

"नाही," मी म्हटलं. "हेल्मेटमुळे."

तिनं मान हलवली आणि बूट पलंगाखाली सरकवले.

संध्याकाळी नावं वाचली. आमच्या पाच जणींतून एकच, तिचं. मी तिला मिठी मारली, सगळ्यांत आधी, सगळ्यांत जोरात. परतीच्या तीन-चार दिवसांच्या प्रवासात मी तिला एकदाही एकटी भेटले नाही. बसमध्ये, गाडीत, प्लॅटफॉर्मवर कायम तिसरी कुणीतरी आमच्या मध्ये बसेल अशी काळजी घेतली.

घरी आल्यावर आठवड्यानं तिची आई आमच्याकडे आली. पहिल्यांदाच. हातात हरभऱ्याच्या घाट्यांची पिशवी होती. माझ्या आईनं तिला सोफ्यावर बसवलं, पण ती कडेलाच टेकली. "तुमची पोरगी संग होती म्हनून झालं," ती माझ्या आईला म्हणाली. "नाई तं मी काई धाडली नसती." मग माझ्याकडे वळून, "तुहं नाव घेते पोरगी घरी. जेवताना बी."

मी आत जाऊन पाणी आणते म्हणाले आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. आईनं दोनदा हाक मारली तरी मला बाहेर येता आलं नाही.

संघाचं पुढचं शिबिर महिन्याभरात होतं आणि तिच्याकडे बर्फाचे स्केट्स नव्हते. हिमाचलात वापरलेले तिथलेच, परत केलेले. आमच्या पाच जणींत स्वतःचे फक्त माझ्याकडे होते. वडिलांनी शिबिरासाठी एका ओळखीच्यांकडून जुने मिळवले होते. सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, तिला ते घट्ट होतील. सर म्हणाले, बरं, पाहू कुठं मिळतात का. आमचा पाय एकाच मापाचा आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

दोन दिवस मी तशीच राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी स्केट्स पिशवीत घालून स्टेशनवर गेले. तिची गाडी यायची होती. ती बाकावर बसून पुस्तक वाचत होती. मी पिशवी तिच्या शेजारी ठेवली आणि उभ्यानंच बोलून टाकलं.

"मला ऐकू आलं होतं."

तिनं पुस्तक मिटलं. "माहीत हाय."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू माह्याकडं पाह्यलं अन् मान फिरवली. मंग पुन्हा इचारलं, म्हनलं आता तरी खरं सांगशीन. तं तू हेल्मेट सांगतलं."

मी म्हटलं, मला माफ कर. पलीकडच्या रुळावरून एक मालगाडी जात होती.

"मले राग हाय," मग ती म्हणाली. "माह्या एका गोलाचा नाई. आपन सगळ्या हरलो त्याचा. अन् तू माह्या मायले सांगतलं व्हतं का सांभाळीन. राग आजच्यात नाई जानार."

"बरं," मी म्हटलं.

तिनं पिशवी उघडली, स्केट्स बाहेर काढले, पात्यावरून अंगठा फिरवला. "धार लावा लागते याले," ती म्हणाली. तिची गाडी आली. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि चढली. हात हलवला नाही. पण पिशवी घेऊन गेली.

मला वाटत होतं, सांगून टाकल्यावर मन हलकं होईल. तसं झालं नाही. ती राज्याकडून खेळली. तिचा जर्सीतला फोटो आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, सगळ्यांनी टाळ्या टाकल्या, मीही टाकल्या, आणि मग फोटो मोठा करून तिच्या पायांतले माझे स्केट्स पाहत बसले. गल्लीतल्या बायकांना दाखवताना 'हिला मी शिकवलं' म्हणायला लागले, ते तेव्हापासून. तिनं फोन करणं बंद केलं नाही, पण कमी केलं. केला तर खेळाचंच विचारायची. मी कोर्टवर काय सराव करते, उलटं जाताना गुडघा किती वाकवते. शिबिरं आणि सामने आटपून उन्हाळ्यात ती परत कोर्टवर आली तेव्हा माझ्या चाकांच्या स्केट्सचा टाचेचा ब्रेक तिनं स्वतः पाना घेऊन काढून टाकला. "आता पाहू कशी थांबतं ते," म्हणाली. तो सगळा उन्हाळा मी चौथीतल्या मुलीसारखी पडत होते आणि ती कठड्यावर बसून मला का पडले ते सांगत होती. तिच्या आवाजात प्रेम नव्हतं, पण ती एकही दिवस चुकली नाही.

पुढच्या हिवाळ्यात माझीही निवड झाली. शेवटच्या नावांमध्ये, राखीव म्हणून, आणि पुढच्या फळीत नाही तर बचावात. बर्फाच्या हॉकीत कुणी फार वेळ मैदानावर राहत नाही. मिनिटभर जीव तोडून खेळायचं आणि बाकावर यायचं, मग दुसरीनं जायचं. मी बहुतेक वेळ बाकावरच असायचे. बाकापुढच्या फळ्यांच्या कुंपणाचं दार उघडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

एका सामन्यात ती बाहेर आली, धापा टाकत, गाल लाल झालेले. मी दार उघडलं. ती माझ्या शेजारी आदळल्यासारखी बसली आणि न पाहता हात पुढं केला. मी बाटली दिली. ती पाणी पीत असताना मी तिच्याकडे पाहत होते. माझ्या मनात तेच होतं, जुनं, ओळखीचं. ती माझ्यापेक्षा चांगली आहे आणि राहणार आहे, हे मला अजूनही आवडत नव्हतं. आजही आवडत नाही. मला वाटतं, ते आवडायला लागेल म्हणून वाट पाहणं मी त्या बाकावर सोडून दिलं.

"त्यांची सात नंबरची डावीकडून येते," ती पाणी पिता पिता म्हणाली. "तिले आत येऊ देऊ नको. कडेले दाब."

"तिचा शॉट?"

"शॉट काई नाई. पास देते ते. पासवर लक्ष ठेव."

संघाच्या प्रशिक्षक मॅडमनी माझा नंबर पुकारला. मी हेल्मेटचा पट्टा ओढला आणि उठले. ती दाराच्या बाजूला होती, म्हणून दार तिनं उघडलं.